आधी पडलेली गाडी आधी

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, लंडनमधल्या हॅरोजवळच्या एका चर्च हॉलमध्ये, खेळण्यातल्या मोटारींमुळे कळलं. ऐकून कोणालाही हसू येईल. येऊ दे.

‘खेळण्यातल्या’ म्हटलेलं आमच्या क्लबात चालत नाही. मोठा लाकडी ट्रॅक, त्यात सहा खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी आणि तिच्यात वीज. हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर; त्याचा खटका जितका दाबाल तितकी तुमची गाडी पळते. वळणावर लोभ सुटला आणि जास्त दाबलात, की गाडी खाचेतून उडून पडते. एवढाच खेळ. त्या एवढ्याशा खेळात मी सहा वर्षं बुडालेली होते.

मला तिथे नेलं माझ्या मित्राने. तो हाडांचा सर्जन, मी भूल देणारी डॉक्टर. एकाच हॉस्पिटलात एकवीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी उभे राहिलो. तो नागपूरचा, मी पुण्याची, त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडला नाही. मी रिटायर झाले तेव्हा म्हणाला, “घरी बसून सुनेला अक्कल शिकवशील. त्यापेक्षा संडेला माझ्यासोबत चल.” तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की तो स्टॅनमोरला माझ्या दारात गाडी घेऊन हजर. जाता-येता आमचं तोंड मिटत नसे.

ट्रॅक सांभाळणारा एक म्हातारा इंग्रज आहे. साठच्या दशकात अशा ट्रॅकची दुकानं या देशात गावोगावी निघाली होती, हे त्याच्याकडून कळलं. फर्निचरच्या दुकानाच्या वर, कुठे तळघरात, लोक तासावर लेन भाड्याने घेत, रांगा लावत. आणि मग चार-दोन वर्षांत सगळं ओसरलं. त्या जागी कार्पेटवाले आले, बिंगोचे जुगारी हॉल आले. हा तरुणपणी अशाच एका दुकानात गाड्या दुरुस्त करायचा. दुकान बंद पडलं तेव्हा मालक ट्रॅक जाळणार होता. याने तो करवतीने कापला, पावाच्या व्हॅनमधून तुकडे घरी नेले आणि पुन्हा जोडला. जोडाच्या रेघा अजून हाताला लागतात. बोलताना तो त्यांवरून बोटं फिरवत राहतो.

या खेळातली एक रीत मला फार आवडायची. ज्यांची फेरी नसते त्यांनी मार्शल व्हायचं. म्हणजे एकेका वळणावर उभं राहून पडलेल्या गाड्या उचलून खाचेत ठेवायच्या. मग ती गाडी तुमच्या शत्रूची का असेना. आमच्याकडे नियम एकच: आधी पडलेली आधी. पंच नाही, दंड नाही, सगळा कारभार विश्वासावर.

पहिले तीन महिने मी दर रविवारी शेवटची यायचे. मग हळूहळू वर सरकले आणि गेली दोन वर्षं चॅम्पियनच्या पाटीवर माझं नाव आहे. याचा मला किती अभिमान होता, ते लपवून काय करू? हॉस्पिटलात प्रत्येक बढतीच्या वेळी कोणीतरी कुजबुजलंच होतं, बाई आहे म्हणून दिली, ब्राऊन आहे म्हणून दिली. गाडीला हे काही कळत नाही. कोणीही न दिलेलं, माझं मी मिळवलेलं, असं हे एकच होतं.

गेल्या महिन्यात म्हाताऱ्याने मोठ्या वळणावर फोन टांगून सगळ्या फेऱ्यांचं शूटिंग केलं आणि ग्रुपवर टाकलं. सोमवारी सकाळी चहा घेत मी बघायला बसले. वळणावर मार्शल म्हणून माझा मित्र. तिथे तीन गाड्या एकापाठोपाठ पडल्या, माझी तिसरी. त्याचा हात पहिल्या दोन गाड्यांवरून पुढे आला आणि त्याने माझी उचलली. मी मागे नेऊन परत पाहिलं. पुढच्या फेरीत तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. खेळताना आपण आपल्या गाडीखेरीज काही बघत नाही. ती पटकन उभी राहिली की आपण खूश. चुकून झालं असेल म्हणावं, तर एकवीस वर्षं मी ते हात पाहिले आहेत. ते चुकत नाहीत. चहा तसाच राहिला.

रविवारी गाडीत बसल्याबसल्या विचारलं, “कधीपासून?”

त्याने नाटक केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. “तू त्या पहिल्या विंटरमध्ये म्हणालीस ना, पुढच्या रविवारपासून येत नाही म्हणून. तेव्हापासून.”

“म्हणजे सहा वर्षं?”

“अगं, तू सोडलं असतंस तर मी मराठी कोणाशी बोललो असतो? बायको गेली. पोरं इंग्लिशमध्ये आन्सर देतात. आठवड्यात हा एवढाच ड्राइव्ह असतो मला.”

मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला बोलायला माणूस हवं होतं तर तसं तोंडाने सांगायचं होतं. मी रोज आले असते. त्याऐवजी त्याने मला सहा वर्षं लहान मुलासारखं खोटं-खोटं जिंकवलं, आणि मी त्याच्याच शेजारी बसून त्याला माझ्या डावपेचांच्या फुशारक्या सांगत होते.

हॉलमध्ये शिरल्यावर मी थेट म्हाताऱ्याकडे गेले. सगळं सांगितलं आणि पाटीवरून माझं नाव काढा म्हटलं. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

“लीव्ह इट, लव्ह,” इथले म्हातारे कोणालाही म्हणतात तसं तो म्हणाला. “वी ऑल न्यू.”

सगळ्यांना माहीत होतं. सगळे दोन वर्षं टाळ्या वाजवत होते, केक आणत होते. मित्राने दिला त्याहून मोठा धक्का मला या तीन शब्दांनी दिला.

तरी मी कंट्रोलर उचलला. मित्राला त्याच वळणावर उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, “आज आधी पडलेली आधी.” माझी गाडी चारदा पडली. चारही वेळा त्याने मान खाली घालून नियमाने उचलली, आणि ती तिथे पडून असताना बाकीच्या गाड्या जवळून सूं करत गेल्या. सहा जणांत मी पाचवी आले. बरी चालवते मी, वाईट नाही, पण चॅम्पियन कधीच नव्हते.

परत येताना पाऊस नव्हता, ट्रॅफिक नव्हतं, तरी रस्ता संपेना. तो म्हणाला, “भूक लागली का गं?” मी म्हटलं, “नो, आय ॲम फाइन, थँक यू.” तो म्हणाला, “बोल ना काहीतरी. शिव्या दे.” मी म्हटलं, “देअर इज रिअली नथिंग टू से.” माझ्या दारात गाडी थांबवून त्याने हळूच विचारलं, “पुढच्या रविवारी येशील ना?”

“आय विल लेट यू नो,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.