माईकबाईंचं रडणं

बस स्टँडवर त्यांना सगळे माईकबाई म्हणत. चौकशीच्या खिडकीमागे बसून त्यांनी एकवीस वर्षं गाड्या पुकारल्या. गाडी दोन तास उशिरा असली तरी आवाजात चढउतार नाही. ड्रायव्हर गमतीनं म्हणत, "बाईंनी सांगितलं की उशीरसुद्धा वेळेवर आल्यासारखा वाटतो."

मग पक्षाघाताच्या झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली. पाच महिन्यांनी हात हलू लागला, जीभ वळू लागली, तशा त्या कामावर परतल्या. दुसऱ्याच दिवशी "फलाट क्रमांक तीन" म्हणताना त्यांना हुंदका फुटला, तो आवरेचना. कर्ण्यांतून सगळ्या स्टँडनं तो ऐकला. अपघात झाला असं वाटून लोक खिडकीकडे धावले.

"काय झालं, बाई?" साहेबांनी माईक बंद करत विचारलं.

"काहीच नाही हो. मला वाईटसुद्धा वाटत नाहीये," बाई रडत रडत म्हणाल्या.

हे कोणाला पटणार? डॉक्टरांना पटलं. "हे दुःख नव्हे. झटक्यामुळे मेंदूचा रडण्यावरचा ताबा सुटलाय. गोळीनं कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही."

बाईंची रवानगी हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. दिवसभर छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायच्या. नोकरी राहिली, पण आवाज ऐकायला कोणी उरलं नाही.

घरीही तेच. बाई खोलीत आल्या की टीव्ही बंद. मुलगी फोनवर "सगळं छान" एवढंच बोले. धाकटी बहीण कितीदा फोन केला तरी उचलेना, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, तिचा फोन बिघडलाय."

एका दुपारी बहिणीच्या नवऱ्याचा फोन बाईंनीच घेतला. "ताई, तुम्हाला येता आलं नाही, तब्येतीमुळे. मी समजू शकतो."

"कुठे यायचं होतं?"

बहीण जाऊन सतरा दिवस झाले होते.

नवरा पंचा घेऊन उभाच होता. पण बाईंचे डोळे कोरडे.

"तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं गं."

"माझं रडणं तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून."

त्यानं पंच्याची घडी घातली. मग जरा सुटल्यासारखा म्हणाला, "गोळी लागू पडलेली दिसते."



संध्याकाळी चहात बिस्कीट तुटून पडलं आणि त्या कितीतरी वेळ रडल्या. बहिणीसाठीच रडतेय, असं समजून नवरा पाठ थोपटत राहिला. बाईंनी त्याला तसंच समजू दिलं.