आईचा माईक

चेरीतालच्या आमच्या घरात कॉम्प्युटर होता तो मुख्यतः रविवारसाठी. रविवारी सकाळी कॅनडातली माझी धाकटी बहीण पडद्यावर यायची आणि आई तिला तासभर सल्ले द्यायची. स्वेटर, वरणातला हिंग, जावयाचा स्वभाव, काहीही सुटायचं नाही. बहीण "हो आई" म्हणायची.

मग मी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. जुनी उत्तम चालत होती. पण ऑफिसात सगळ्यांनी नवी घेतली होती, एवढं कारण मला पुरलं. पडदा देखणा झाला. कॅमेरा चालला, स्पीकर चालले. माईक तेवढा मुका झाला. आईचं बोलणं सुरू झालं आणि तिकडून बहिणीने टाइप केलं, "काही ऐकू येत नाही."

"हे काय करून ठेवलं तू?" आईने विचारलं.

"ड्रायव्हर नाही मिळत, आई. नव्या सिस्टीमला आपला माईक ओळखता यावा, यासाठी तसा एक प्रोग्राम लागतो."

"काहून? कालपर्यंत तर ओळखत होती."

मी कॉम्प्युटरचा डबा माईकसकट स्कूटरवर घालून राइट टाउनच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने उघडून पाहिला. "भैया, माल एकदम ठीक है. बस, कंपनी ने इस मॉडल का नया ड्राइवर बनाया ही नहीं." म्हणजे काही बिघडलेलंच नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखंही काही नव्हतं. जुनी सिस्टीम परत टाका, असं त्याने सुचवलं. मला ते कमीपणाचं वाटलं.

रविवार येत राहिले. आई आधी हातवारे करायची, मग थकून गप्प बसायची. इकडची शांतता बघून बहीण हळूहळू बोलू लागली. नोकरी सुटली होती, तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. नवरा रात्रपाळीला, ती एकटीच जेवायची. आई खुर्ची पुढे ओढून ऐकायची, मान हलवायची. एकदा तिने पदराने डोळे पुसले.

"दादा," बहीण मला फोनवर म्हणाली, "आई किती समजूतदार झाली रे!"

शेवटी कमानिया गेटजवळ माईकवाला हेडफोन मिळाला, ज्याला वेगळा ड्रायव्हर लागत नव्हता. तो मी मोठ्या अभिमानाने आईच्या डोक्यावर चढवला.

"नोकरीचं आधी काहून नाही सांगितलं?" आईने सुरुवात केली. इतक्या रविवारांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तिकडे "हो आई, हो आई" सुरू झालं. थोड्याच वेळात बहीण म्हणाली, नेट स्लो आहे, आणि पडदा काळा झाला.

आई हेडफोन न काढताच बसून राहिली.

"आवाज ठीक होता ना?" मी विचारलं.

"चांगला होता. पण पुढच्या रविवारी हे लावू नको. ती बोलून राहिली होती, ते बरं होतं."

ड्रायव्हरने पुन्हा दगा दिला, असं मी बहिणीला कळवलं. तिने साधी हळहळसुद्धा व्यक्त केली नाही.