संदर्भसूचीतलं एक अक्षर

केळीवरच्या करपा रोगावर मी लिहिलेला शोधनिबंध नियतकालिकानं परत पाठवला, तेव्हा सोबतच्या पत्रात एकच ओळ होती: संदर्भसूची आमच्या पद्धतीनं नाही, दुरुस्त करून पाठवा. निबंधात काय आहे याबद्दल अवाक्षरही नाही. चार वर्षं रावेरकडच्या बागा तुडवल्या आणि यांना खुपलं काय, तर स्वल्पविराम! मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, भडगावचं घर भावानं विकून टाकलं होतं. त्यामुळे संताप करायचा तर तो खोलीच्या भिंतींवरच करावा लागायचा.

आमच्या संगणकाच्या खोलीत एक सॉफ्टवेअर पडून होतं. अनुदान संपवायचं म्हणून कुणीतरी मागवलेलं. खोक्याचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. त्यात प्रत्येक संदर्भ एकदा भरून ठेवायचा, लेखक, साल, शीर्षक, प्रत्येकाची चौकट वेगळी. मग नियतकालिकाचं नाव निवडलं की यादी त्याच्या पद्धतीनं आपोआप लागते. नावं शेकड्यांनी होती, पण सगळी परदेशी. आमचं बिचारं त्रैमासिक त्यात कुठून असणार? त्याची पद्धत सॉफ्टवेअरला आपणच शिकवायची, हे ओघानं आलं.

तीन रविवार गेले त्यात. अंकातल्या ‘लेखकांसाठी सूचना’ समोर ठेवून मी एकेक नियम भरत होते. साल कंसात. खंडाचा आकडा ठळक. तीनपेक्षा जास्त लेखक असले तर उरलेल्यांना ‘आणि इतर’मध्ये ढकलायचं. एक नियम बसवला की दुसरा बिघडायचा. खरं सांगायचं तर ते काम संपूच नये असं वाटत होतं. रविवारभर खिडकीतून पांझरा नदीच्या पुलावरची रहदारी बघत बसण्यापेक्षा हे बरं होतं. निदान मी काही केलं की समोरून काहीतरी उत्तर यायचं.

तिसऱ्या रविवारी दुपारी यादी लागली. एकही टिंब इकडचं तिकडे नाही. आनंदानं मी मागं वळून पाहिलं. मागं कोण असणार? शिपाईसुद्धा किल्ली माझ्याकडे देऊन जेवायला गेला होता. पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि मला हसूच फुटलं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं यादीत सगळ्यात वर, भल्याभल्या शास्त्रज्ञांच्या डोक्यावर, आमचे आबा बसले होते.

आबा म्हणजे रावेरजवळच्या एका खेड्यातले केळीवाले. त्यांच्या घरी एक वही होती. करपा कुठल्या दिवशी दिसला, त्या आठवड्यात दव किती पडलं, कुठलं पान आधी पिवळं झालं, अशी बारा वर्षांची नोंद. माझा अख्खा निबंध त्या वहीवर उभा होता. नोंदी ठेवणाऱ्याचं नाव यादीत देता येत होतं आणि ते द्यायचंच, हे मी ठरवलं होतं. पण मी त्यांना चार वर्षं आबाच म्हणत आले होते, गावही आबाच म्हणायचं, आणि घरच्या वहीवर नाव कोण घालतं? म्हणून लेखकाच्या चौकटीत मी तात्पुरतं ‘आबा’ टाकलं होतं. ज्या माणसाच्या जिवावर आपण निबंध लिहिला त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही, याची आता लाज वाटली.

पुढच्या रविवारी एसटीनं जळगाव गाठलं, तिथून रावेर. आबा ओट्यावर बसले होते. मी नाव विचारलं तर ते हसायलाच लागले.

“माहं नाव कायले पाह्यजे? वही कुठं माही हाये? मले लिव्हता येत नाही, बाई. सारं अक्का लिव्हते.”

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आलेली, चौथी शिकलेली. रोज सकाळी बागेत जाऊन पानं बघायची ती तीच. मी काही विचारलं की आबा दाराकडे तोंड करून “अक्का, त्या साली कसं झालं व्हतं?” म्हणायचे आणि आतून उत्तर यायचं. ते उत्तर मी आबांच्या नावावर उतरवून घ्यायचे. स्वतः बाई असून मी चार वर्षं ओट्यावरच्या पुरुषाशी बोलले, चहा प्यायले आणि परत गेले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मी आत गेले. अक्का चुलीपाशी होत्या. मी चूक कबूल करायला लागले, तर त्यांनी आधी पाट पुढे सरकवला.

“चार सालापासून चहा पाठवते मी तुमाले,” त्या म्हणाल्या. “मनात येई, आज बाई आत येतीन, दोन गोष्टी बोलतीन. तुमी आल्याच नाही.”

मला रडू आलं. धुळ्यात मी माणसासाठी आसुसलेली, आणि इथे एक माणूस दाराआड माझी वाट बघत होतं. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही बोलत बसलो. निघताना त्यांनी नाव सांगितलं, आडनाव माहेरचं. मी लिहून घेतलं तरी पुन्हा एकदा सांगितलं.

धुळ्याला येऊन मी ते चौकटीत भरलं. आबा वरून उतरले, अक्का यादीच्या मध्ये कुठेतरी गेल्या. आणि त्यांच्या नावाचं एकच अक्षर उरलं. पहिलं नाव आद्याक्षरापुरतंच ठेवायचं, हा नियतकालिकाचा नियम मीच आत घातला होता. वाचणारा तिथे पुरुषच समजणार होता. तेवढ्या एका नोंदीपुरता नियम मोडता आला असता. पण निबंध एकदा परत आला होता. तो पुन्हा परत येईल या भीतीनं मी तसाच पाठवून दिला.

अंक छापून आला, तो घेऊन मी थेट चुलीपाशी गेले. अक्कांनी हात पदराला पुसले आणि अंक मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“यात मी कुठं हाये?”

मी आडनावावर बोट ठेवलं आणि ते वाचून दाखवलं.

“हे तं आबाचंबी हाये,” त्या म्हणाल्या. “मी कोन्ती?”

मी बोट पुढच्या एका अक्षरावर सरकवलं.