मागच्या दाराची कडी

माझ्या आईला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." मला दर वेळी राग येतो. राग मला तसाही लवकर येतो, पण या एका उत्तरापायी आमचे चार महिने वाया गेले, म्हणून हा राग मी हक्काचा समजते.

दोन वर्षांपूर्वी आईला दम लागायला लागला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरून भाजी आणायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वाटेत ती दोनदा थांबायची, आणि थांबल्याचं कळू नये म्हणून कोणाशी तरी बोलत उभी राहायची. गल्लीतल्या बायकांना वाटलं, ही म्हातारपणी भल्ली प्रेमळ होऊन राहिली. मग एक्स-रेत उजव्या बाजूला छातीत पाणी दिसलं. पहिल्या डॉक्टरांनी पाणी काढलं, तपासलं, पण कारण नक्की लागेना. त्यांनी कामधंदा विचारला, आईनं ठरलेलं उत्तर दिलं. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. गोळ्या सुरू झाल्या. आईनं त्या एकही न चुकवता घेतल्या आणि पाणी पुन्हा भरलं.

मग मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, बाबाही सोबत आले. तिथली छातीची डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान आणि माझ्याइतकीच चिवट निघाली. तिनं सीटी स्कॅन करवला. फुप्फुसाभोवतीचं आवरण जागोजागी जाड झालेलं दिसलं. मग बरगड्यांमधून कॅमेऱ्याची नळी आत घालून तिनं त्या आवरणाचा तुकडा तपासणीला पाठवला. "रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील," ती म्हणाली. "असे दोन-तीन आजार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. वेगवेगळे रंग देऊन ओळखावे लागतात." आणि मग तिनं असा प्रश्न विचारला जो आधी कोणी विचारलाच नव्हता. आई काय करते ते नाही. "घरात कोण काय काम करायचं?"

बाबांना एवढंच पाहिजे होतं. बाबा निवृत्त लॅगिंग फिटर. "पाइपाले कपडे घालाचा धंदा," असं ते सांगतात. कारखान्यांतून वाफेचे तापलेले पाइप असतात, त्यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना दोर आणि कापड गुंडाळायचं, वरून लगदा थापायचा. त्या काळात हे सगळं ॲस्बेस्टॉसचं असे. ठेकेदार आज या गावच्या कारखान्यात पाठवायचा, उद्या त्या. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते पिठाच्या गिरणीवरून आल्यासारखे, भुवयांपर्यंत पांढरे. डॉक्टरला त्यांनी हवेत हात फिरवून दोर कसा वळायचा तेही दाखवलं. आपल्या कामाबद्दल एवढ्या आवडीनं ऐकणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. "आणि ते कपडे कोण धुवायचं?"

"हेच," म्हणत बाबांनी आईकडे बोट केलं. मग त्यांना प्रश्न कळला. ते बोट त्यांनी बराच वेळ खाली घेतलं नाही.

रिपोर्ट तोच आला ज्याची डॉक्टरला शंका होती. मेसोथेलियोमा. हे नाव आई अजून नीट म्हणत नाही, "तो मेसो" म्हणते, दूरच्या नात्यातला कोणी असावा तसा. डॉक्टरनं टेबलावरचं संत्रं सोललं आणि एक फोड दाखवली. "फोडीला ही पातळ साल असते ना, तसं फुप्फुसाला आवरण असतं. त्याचे दोन पदर. ॲस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे धागे श्वासातून आत जातात आणि तिथे रुतून बसतात. तीस-चाळीस वर्षं काही कळत नाही. मग कधीतरी कॅन्सर होतो. सगळ्यांना होत नाही. कोणाला होईल, ते सांगता येत नाही."

आई म्हणाली, "मॅडम, नागपुरात राहून संत्र्याबिगर दुसरं काही सुचत नाही काय तुम्हाले?" डॉक्टर हसली आणि ती फोड आईनं खाऊन टाकली.

लपवाछपवी डॉक्टरनं केली नाही. तुमच्या बाबतीत ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाली. पूर्ण बरा होईल असं मी सांगणार नाही. औषधांनी आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू, किती दिवस ते आजच सांगता येणार नाही. दम मात्र नक्की कमी करता येईल. मी वहीत लिहून घेत होते आणि अक्षरं मलाच वाचता येत नव्हती. आईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तर्री पोहे चालतीन काय?"

"तर्री थोडी कमी."

"मंग पोहेच राहिले," आई म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

आधी दमाचा बंदोबस्त झाला. पाणी काढून तिच्या छातीत औषधी टाल्कम पावडर सोडली, म्हणजे ते दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि मधे पाणी भरायला जागा उरत नाही. दोन दिवस दुखलं, ताप आला. तिसऱ्या दिवशी तिनं भेटायला आलेल्या शेजारणीला सांगितलं, "लग्नातबी पावडर लावली नाही वं मी, अन् आता पाहा, आतून लावून राहिली." मग सलाइनमधून केमो, दर तीन आठवड्यांनी. सोबत व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. केस तिचे फारसे गेले नाहीत. तोंडाची चव गेली आणि थकवा आला. तरी महिन्याभरात ती भाजीला न थांबता जायला लागली, आणि गल्लीतल्या बायकांची तक्रार सुरू झाली की आता ही बोलतच नाही.

बिघडले ते बाबा. आमच्या घराचा रिवाज असा, की चूक नेहमी समोरच्याची असते. दूध उतू गेलं तर तुमच्यामुळे, बस चुकली तर तुझ्यामुळे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दोघांनी हा संसार असाच मजेत चालवला. आता बाबा एकच बोलायचे, "मीच आणलं घरात." आणि आई म्हणायची, "तुमी आणलं, पण झटकलं मी. काहून सगळं आपल्याच अंगावर घेऊन राहिले?" आपापली चूक हक्कानं मागणारे हे दोघं मला ओळखूच येईनात.

झटकलं, त्याचं असं आहे. आमच्याकडे तेव्हा नळ सकाळी तासभर यायचा. दिवसाचं पाणी मोजून वापरायचं. त्यामुळे आईचा कायदा होता, की कामाचा कपडा आधी कोरडाच झटकायचा, सगळी धूळ काढायची, मगच बादलीत घालायचा. म्हणजे पाणी गढूळ होत नाही आणि एका बादलीत भागतं. ती हे आम्हालाही शिकवायची, टापटिपीचा धडा म्हणून. रोज संध्याकाळी बाबा मागच्या आंगणात कपडे उतरवून पंचा गुंडाळायचे आणि आई तो शर्ट, ती पँट धरून झटकायची. फटाफट आवाज यायचा. आम्हा दोघा भावंडांना ती त्याआधी आत हाकलायची आणि मागच्या दाराला बाहेरून कडी लावायची. आम्ही दार बडवायचो. ती उघडायची नाही. मी एकदा एवढी चिडले होते की दारावर खडूनं 'आई वाईट आहे' असं लिहून ठेवलं. ती अक्षरं तिनं कितीतरी दिवस पुसली नाहीत, तिला त्याचं हसू यायचं.

डॉक्टरनं हे ऐकून डोळे मिटले होते. "कोरडं झटकणं सगळ्यात वाईट. आधी भिजवले असते तर धागे उडाले नसते. पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

पण हे सांगून बाबांचं मन हलकं झालं नाही. केमोच्या दिवशी आईच्या पलंगाजवळ एक खुर्ची असायची. ती रिकामी. बाबा बाहेर, कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर. "मले आतल्या वासानं मळमळते," म्हणायचे. घरीही जेवायला ते आईच्या समोर बसेनासे झाले. आई मला म्हणाली, "तो मेसो मी पाहून घेतो वं. पण या माणसाचं असं पडलेलं तोंड मले सहन होत नाही. किती दिवस आहेत माहीत नाही, अन् ते बाहेर बसून घालवून राहिले." त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. मी बाबांवर ओरडले. त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला, ते आणखी गप्प झाले.

चौथ्या केमोच्या दिवशी डॉक्टर हातात फाइल घेऊन आली. स्कॅन झाला होता आणि कॅन्सर वाढलेला नव्हता. "कमीही नाही, पण जिथल्या तिथे आहे. मला चालेल," ती म्हणाली. "मलेबी," आई म्हणाली. शिवाय घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढायला डॉक्टरनं सांगितलं होतं, तेही आले होते. माझा आणि भावाचा स्वच्छ. बाबांच्या फुप्फुसाच्या आवरणावर दोन-चार जुने डाग, कॅन्सर नाही, पण दर वर्षी दाखवायचं. डॉक्टरनं मला विचारलं, "झटकताना तुम्ही मुलं कुठे असायचात?"

"आत. आई बाहेरून कडी लावायची."

"चांगलं करायची," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

आईनं मान ताठ केली. "पाहा. पोछा मारेल राहे घरात, धूळ नको म्हणून लावत होती. पोछ्याचा फायदा."

मी बाबांना बळेच बोलावून आणलं. ते दारापर्यंत आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. मी सगळं सांगितलं, कडीचंही. त्यांनी ऐकलं आणि आमच्यापैकी कोणाकडेच न पाहता म्हणाले, "कडीनं पोट्टे वाचले. हिलेबी आत कोंडलं असतं मी, तं बरं झालं असतं."

आईनं सलाइनचा हात सांभाळत दुसऱ्या हातानं उशी वर केली आणि सरळ बसली. मला वाटलं, आता रडते. पण ती रागावली होती. हा राग मी ओळखते, माझ्याकडे तिच्याकडूनच आला आहे.

"पोछ्यासाठी नव्हती ती कडी," ती म्हणाली. "पोछ्याचं मी पोट्ट्याईले सांगत होती, अन् सासूबाईले. दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, हे दोन पोट्टे. तुमच्यासंग दोन शब्द बोलाले जागा कुठी होती मले? दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं राहत. तुमी पंचा गुंडाळून उभे, मी शर्ट झटकून राहिली, अन् तुमी त्या ठेकेदाराची नक्कल करून दाखवत. किती हासत होती मी. वीस झटक्यात शर्ट साफ होत होता. मी चाळीस मारत होती."

वॉर्डात शेजारच्या पलंगावरच्या बाईंनीही मान वळवली. बाबा चौकटीतून आत आले.

"मले वाटे, तू बह्याड आहेस," ते हळू म्हणाले. "साफ झाला तरी झटकूनच राहिली."

"हव. आता कळलं?" आई म्हणाली. "त्या कपड्यात काय आहे हे मले कोणी सांगतलं असतं, तं मी ते बादलीत भिजवले असते. पण कडी तं लावलीच असती."

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी आईच्या पायांवरची चादर नीट केली, मग पुन्हा एकदा नीट केली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो ठेकेदार आठवते काय तुले?"

"आठवते नाही तं काय. करून दाखवा."

बाबांनी घसा साफ केला. मी पिशवी उचलून बाहेर आले आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.