पिमनारा नावाचं कुणी नव्हतं

ओई पपई कांडताना बोलत नसे. आंबवलेल्या माशांचा रस घातला की मुसळ एकदा उखळाच्या काठावर आपटायची आणि मगच गिऱ्हाइकाकडे बघायची. जेवताना चिकट भाताच्या टोपलीचं झाकण स्वतः काढून टोपली आईच्या हाताखाली सरकवायची. नवऱ्याचा फोन आला की बोलत बोलत पार तळ्यापर्यंत चालत जायची. ओळखपत्र पाकिटात नेहमी पालथं ठेवायची. आणि भातलावणीनंतर तिला आणखी एक सवय लागली होती. आईने हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. एक श्वास घेण्याइतका वेळ जाई. मग म्हणे, "आले."

कारण आई आता "पिमनारा" अशी हाक मारत असे.

रोई-एत प्रांताच्या त्या बाजूला प्रत्येकाला दोन नावं असतात. एक कागदावरचं, एक तोंडातलं. ओई म्हणजे ऊस. जन्मली तेव्हा दारात ऊस होता, म्हणून ओई. कागदावर ती बुनतियांग. ते नाव शाळा सुटल्यावर कुणी घेतलं नव्हतं. पहिला नवरा बँकॉकला गेला आणि परत आला नाही, तोही तिला ओईच म्हणायचा. बसच्या थांब्याजवळ तिची पपई आणि भाजलेल्या कोंबडीची टपरी होती, तिच्यावरही ओईच लिहिलेलं.

मग एका लग्नात तिला तुरे भेटला. नॉर्वेचा, बायको वारलेला, विजेची कामं करणारा. त्याला तिखट सोसत नव्हतं तरी तिच्यासमोर त्याने दोन ताटल्या पपई खाल्ली आणि नाक पुसत बसला. दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या कार्यालयात त्यांचं लग्न नोंदलं गेलं. तो परत गेला. तिने त्याच्याकडे जाण्यासाठी अर्ज केला आणि वाट बघू लागली.

तेवढ्यात शेजारच्या गावातली एक बाई परदेशातून परत आली. डब्यातून आली, राख होऊन. ओईची आई चानआजी त्या अंत्यविधीला जाऊन आली आणि तिने जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी ती काठी घेऊन विहारात थोरल्या भंतेंकडे गेली.

भंतेंनी जन्मवार विचारला. मंगळवार. मग नाव विचारलं, आणि मान हलवली. बुनतियांगमध्ये मंगळवारच्या माणसाला वर्ज्य असलेलं अक्षर होतं. त्यांनी नवं नाव काढून दिलं आणि नोंद करायला चांगला दिवसही सांगितला.

"मी काही तुझ्याबरोबर येऊ शकत नाही," आई म्हणाली. "नाव तरी चांगलं बरोबर ने. एवढं कर पोरी. मग मी झोपेन."

ओईने ते नाव मनात म्हणून बघितलं. छान होतं. दुसऱ्या दिवशी ती शहरात कागद करून देणाऱ्या नोककडे गेली.

नोकने हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, लग्न झालंय बुनतियांगचं. पासपोर्ट बुनतियांगचा. अर्ज बुनतियांगचा. आता मध्येच ही पिमनारा कुठून उगवली? तिथला साहेब विचारेल, हा माणूस बोलावतोय तरी कुणाला?"

"मग?"

"मग काय, सगळं पहिल्यापासून. पासपोर्ट नवा, लग्नाचा दाखला दुरुस्त, भाषांतर परत. किती महिने ते मला विचारू नका. तिथं पोचा, तिथलं कार्ड हातात पडू दे, मग इथं येऊन दहा नावं बदला."

संध्याकाळी तळ्यावर तिने तुरेला सांगितलं. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "आई घाबरते?"

"हो."

"तर बदल नाव. मी थांबतो."

तो असं म्हणाला नसता तर बरं झालं असतं. मग नवऱ्यासाठी नाव बदललं नाही असं तिला म्हणता आलं असतं. पण थांबायचं नव्हतं ते तिलाच. तिचं वय एक्केचाळीस होतं. टपरीच्या धुराने तिचे डोळे सतत लाल असायचे. कुणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट तिला नवीन होती, आणि ती आणखी लांबवायची तिची तयारी नव्हती.

चांगल्या दिवशी आई पहाटेच ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून बसली. ओई म्हणाली, "तुला दिसत नाही नीट. पायऱ्या आहेत तिथं. मी जाऊन येते."

ती गेली. कार्यालयासमोरच्या झाडाखाली बसली. भाजलेलं केळं खाल्लं. आत माणसं जात होती, येत होती. दुपारी घरी आली आणि म्हणाली, "झालं."

"दाखव."

चानआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, त्यावरून अंगठा फिरवला. "धुकंच आहे सगळं. तू वाच."

ओईने कार्ड हातात घेतलं. त्यावर जे होतं त्याच्याकडे बघत जे नव्हतं ते वाचलं. "पिमनारा."

आई हसली. खूप दिवसांनी.

पुढच्या रविवारी आईने घरी दोरे बांधण्याचा विधी ठेवला. माणसाचा ख्वान, म्हणजे अंगातलं चैतन्य, भीतीने नाहीतर दुःखाने अंग सोडून भटकतो. त्याला नावाने हाक मारून परत बोलवायचं आणि तो पुन्हा जाऊ नये म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. ओईने स्वतःच केळीची पानं दुमडून बाइसीचा मनोरा केला. त्यात तिचा हात चांगला होता, गावातल्या लग्नांना तिलाच बोलवत. गावात असे विधी करणाऱ्या खामआजोबांनी मंत्र म्हटले. "ये, पिमनाराच्या ख्वाना, ये. रानात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये." सगळी म्हातारी माणसं एकसुरात म्हणाली, "ये, ये." एकेकाने दोरा बांधला. ओईची दोन्ही मनगटं पांढरी झाली. तिला हात जड वाटले. पिमनारा नावाचं कुणी नव्हतं. ती माणसं एका रिकाम्या जागेला हाक मारत होती, आणि ती त्या जागी हात पुढे करून बसली होती.

टपरीवर थट्टा सुरू झाली.

"पिमनाराबाई, मिरच्या दोनच हं."

"नाव नटीचं आणि हाताला वास माशांचा!"

ओई हसायची. मुसळ काठावर जरा जोरात आपटायची.

मग सोममावशी आली. ती गावची आरोग्यसेविका. सरकारी शिबिरात मोतीबिंदू फुकट काढणार होते आणि चानआजीचा नंबर लागला होता.

ओई कोंबडी उलटत होती. तिचा हात थांबला. डोळे आले की आई कार्ड मागणार. आई चौथी शिकलेली होती. सावकाश पण सगळं वाचायची, लॉटरीच्या आकड्यांपासून विहाराच्या भिंतीवरच्या देणगीदारांपर्यंत.

"भात कापून होऊ दे मावशी," ती म्हणाली.

"म्हणजे? तुझी आई काय डोळ्यांनी भात कापणार आहे?"

"आत्ता माझ्यामागे खूप आहे. दुसऱ्या कुणाला द्या नंबर. पुढच्या वेळी नक्की."

"तू पण ना! लोक नंबरासाठी माझ्या पाया पडतात." सोममावशीने एक कोंबडीची तंगडी उचलली आणि ती गेली. नंबर दुसऱ्या कुणाला गेला.

त्या दिवशी ओईने आईसाठी मासा वाफवला. काटे एकूण एक काढून दिले. आई म्हणाली, "किती करतेस गं माझं." ओई उठून चूल सारखी करायला गेली.

थंडी आली. एका सकाळी धुकं दाट होतं. भिक्खूंच्या फेरीची वेळ झाली तशी चानआजी भाताची टोपली घेऊन घराच्या लाकडी पायऱ्या उतरू लागली. खालून दुसरी पायरी तिला दिसली नाही. ओईने आवाज ऐकला. धावत आली तेव्हा आई जमिनीवर होती आणि भात मातीत सांडलेला होता. आई तो चाचपून गोळा करायला बघत होती. "भंतेंना काय वाढायचं आता," ती म्हणत होती. तिचा एक पाय भलत्याच बाजूला वळला होता.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. बाहेरच्या ओळीत आई ढकलगाडीवर पडली होती. ओईने आपलं कार्ड खिडकीत दिलं होतं. थोड्या वेळाने एक नर्स दारात आली. "बुनतियांग! बुनतियांग कोण? सही करायचीय."

ओई उठली नाही.

"बुनतियांग! चानआजीची मुलगी!"

आईने मान वळवली. "अगं बाई, ते जुनं नाव झालं. पिमनारा म्हण. बदललंय आम्ही. पिमनारा."

"आजी, कार्डावर बुनतियांगच आहे."

"तू नीट बघ ना. मला दिसत नाही म्हणून काय झालं? तरुण डोळे तुझे, आणि एवढं वाचता येत नाही? चांगल्या दिवशी नोंदलंय, भंतेंनी काढून दिलंय. सुधार ते तिथं. त्या नावानं नको काही करूस, ते नाव वाईट आहे तिला."

ओळीतली माणसं बघू लागली. कुणीतरी हसलं. आईचा पाय दुखत होता, तरी ती कोपरावर उठायला बघत होती. मुलीच्या बाजूने भांडत होती.

ओई नर्सकडे गेली आणि हळूच म्हणाली, "मीच." सही केली. परत आली तेव्हा आईने विचारलं, "सुधारलं का?"

"हो आई."

"उशिरा पोचतात गं नोंदी. मला ठाऊक आहे."

आईला आत नेलं. ओई बाकावर बसून राहिली. मनगटावर उरलेला दोऱ्याचा एक मळका तुकडा ती फिरवत होती. आई पडली ती धुक्यामुळे, असं सगळे म्हणत होते. सोममावशी बिस्किटं घेऊन आली. नंबराचं ती एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर ओईला बरं वाटलं असतं.

आई वाचली. घरी खाली ओसरीत बाजेवर पडून राहू लागली. आणि त्याच सुमारास नोकचा फोन आला. "ताई, झालं तुमचं! तोंड गोड करा." नॉर्वेने ये म्हटलं होतं. तळ्यावर तुरे फोनवर रडला. ओईने त्याला सांगितलं, तिकीट जरा पुढचं काढ. मग ती सोममावशीकडे गेली. "आईचे डोळे. मी जायच्या आधी. काय वाटेल ते करा."

सोममावशीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाली.

एका डोळ्याचं काम आधी झालं. पट्टी निघाली त्या सकाळी आई बाजेवर उशीला टेकून बसली होती. तिने आधी स्वतःचे हात बघितले. "केवढी म्हातारी झाले गं मी." मग ओईकडे बघितलं. "आणि तू किती वाळलीस."

ओईने पाकीट काढलं. कार्ड सुलटं करून आईच्या हातात दिलं. "वाच."

आईने एकेक अक्षरावर बोट ठेवलं. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं. ती पहिल्यापासून पुन्हा वाचू लागली.

"मी गेलेच नाही आत," ओई म्हणाली. "झाडाखाली बसले होते. अर्ज अडकला असता. तुरे थांबायला तयार होता. मीच नाही थांबले. आणि डोळ्यांचा नंबर आला होता तुझा, भात कापायच्या आधी. मीच परत पाठवला. तू हे वाचशील म्हणून."

आई चिडेल, रडेल, असं तिला वाटलं होतं. आईने कार्ड मांडीवर ठेवलं. डोळ्यांचं नाही विचारलं, पायाचंही नाही. तिने विचारलं, "मग त्या दिवशी आम्ही कुणाला बोलावलं?"

ओईने पाकीट मिटलं.

"तुझा ख्वान कुठं आहे मग? त्याला कुणी बोलावलंच नाही?" आईचा आवाज घाबरलेला होता. "तू अशीच हिंडतेस तेव्हापासून?"

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पानं तोडून आण. जायच्या आधी परत करू. खामआजोबांना निरोप दे."

निघायच्या सकाळी ओई ओसरीत पानं घेऊन बसली. पानाची पट्टी फाडायची, टोक काढून दुमडायची, दोऱ्याने टाचायची. आई बाजेवरून बघत होती. नव्या डोळ्याने बारीक चुका काढत होती. "ते टोक वाकडं आहे." "हो." पहिला थर झाला. दुसरा झाला. खामआजोबा येऊन खांबाला टेकून बसले आणि त्यांनी विचारलं, "नाव कोणतं घेऊ?"

ओईने आईकडे बघितलं.

"बुनतियांग म्हणा," ओई म्हणाली. "तेच आहे माझं."

"नाही," आई म्हणाली. "त्या नावानं तुला एवढ्या लांब पाठवू? ती डब्यातून आलेली विसरलीस?"

"मग पिमनारा म्हणा."

"ते तुझं नाहीये." आईने हे शांतपणे म्हटलं. कार्ड तिच्या उशाशी होतं. ते उचलून तिने ओईला परत दिलं. "तिथलं कार्ड तुझ्या हातात येऊ दे. मग ये. माझ्यासमोर कार्यालयात जा, मी पायऱ्या मोजत येईन बरोबर. खरं नाव झालं की ख्वानाला बोलवू."

"आणि तोवर?"

खामआजोबांनी घसा खाकरला आणि तंबाखूची डबी काढली.

रस्त्यावर विमानतळाच्या गाडीने भोंगा वाजवला. सोममावशी पिशवी उचलायला पुढे झाली. "चल बाई, गाडी थांबायची नाही." ओई आईच्या पायांपाशी वाकली. आईने तिच्या रिकाम्या मनगटावरून अंगठा फिरवला, कार्डावरून फिरवला होता तसाच. आणि म्हणाली, "जा, ओई."

गाडी वळली तेव्हा ओसरी दिसत होती. तबकात बाइसीचे दोन थर उभे होते. तिसऱ्याची पानं दुमडून तयार होती, त्यांवर आईने ओलं फडकं टाकलं होतं. सुई पानात तशीच खोचलेली होती, दोऱ्यासकट.