निकालाचे पेढे

इथे नेदरलँड्समध्ये, झूटरमेर गावात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात. साठीच्या, ठसठशीत, मूळच्या न्यू कॅलेडोनियाच्या. पॅसिफिकमधलं हे बेट अजून फ्रान्सच्या ताब्यात आहे, हेसुद्धा मला त्यांच्यामुळेच कळलं. स्वातंत्र्य हवं की नको, यावर तिथे दोनदा मतदान झालं होतं आणि दोन्ही वेळा ‘नको’वाले जिंकले होते. तिसरं मतदान शेवटचं. बाई ‘हवं’वाल्या; करोनाचं ते अख्खं वर्ष त्याचीच वाट पाहत होत्या. गॅलरीत मास्क लावून, दीड मीटरवरून, दोघींच्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मला त्याच गोष्टी सांगायच्या.

डिसेंबरात एका रविवारी निकाल लागला. फोनवर मथळा दिसला: प्रचंड बहुमत. खाली झेंडे घेऊन नाचणारी माणसं. पुढचं मी वाचलंच नाही. स्वातंत्र्याच्या शेवटच्या संधीलाही नको कोण म्हणेल?

नवरा म्हणाला, “अगं, नीट वाच तरी.”

“तू गप्प बस आणि मिल्क पावडर काढून दे.”

मायक्रोवेव्हमध्ये पेढे केले. खरं तर एप्रिलमध्ये पुण्याला माझे बाबा करोनानं गेले होते. इथे शेजारीपाजारी मी कुणाला बोलले नव्हते, पण वर्ष व्हायचं होतं, दिवाळीलाही घरात गोड केलं नव्हतं. म्हटलं, स्वातंत्र्य काय रोज मिळतं? बाबाही हेच म्हणाले असते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाईंनी दार उघडलं आणि मी डबा पुढे करून “अभिनंदन!” म्हणून मोकळी झाले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत लॅपटॉपवर तीच माणसं नाचत होती. आता कुठे मला त्यांच्या हातातले झेंडे दिसले. फ्रान्सचे होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमच्या लोकांनी, बेटावरच्या मूळ रहिवाशांनी, मतच दिलं नाही,” त्या म्हणाल्या. करोनात गावोगावी माणसं गेली होती, त्यांचा भाऊही गेला होता. त्यांच्यात वर्षभर दुखवटा पाळतात, त्यात प्रचार नाही, सभा नाही. मतदान पुढे ढकला, एवढंच त्यांनी मागितलं होतं. सरकारनं ऐकलं नाही. मग ही माणसं घरीच बसली, आणि जे मतदानाला गेले ते बहुतेक सगळे ‘नको’वाले.

मी भडकलेच. “अहो, पण जायचं ना! एक दिवसाचा तर प्रश्न! शेवटची संधी होती, दुखवटा काय दुसऱ्या दिवशीही पाळता आला असता!”

त्या चिडल्या नाहीत. “दिवाळीत तुझा दरवर्षीचा गोडाचा डबा आला नाही,” म्हणाल्या, “तेव्हाच मी समजले, तुझ्या घरात कुणीतरी गेलंय. म्हणून विचारलं नाही. कोण गेलं?”

“वडील.”

“मग किती दिवस घरी बसलीस?”

बाबांना अग्नी दिला तो मी फोनवर पाहिला, तोंड धुतलं आणि अर्ध्या तासात ऑफिसच्या मीटिंगला बसले, कॅमेरा बंद ठेवून. सुट्टी कुणी नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती.