विमानाच्या कॅमेऱ्याची पूजा

वळ गावचे एक शेठ मला एकदाच भेटले. मुलीच्या सोयरिकीला पाहुणे येणार, म्हणून त्यांनी भाड्याच्या छोट्या विमानाच्या पंखाखाली कॅमेरा बसवून आपली गोदामं वरून टिपली होती. मी कॉलेजात शिकतो, म्हणून टीव्हीला वायर जोडायला मला बोलावलं.

पाहुण्यांसमोर टीव्ही लावला, तर आवाज इंजिनाचा आणि चित्र नुसतं लाल.

मी हळूच विचारलं, "शेठ, कॅमेऱ्याला काही लावलं होतं का?"

"पूजा केली ना! नवीन वस्तू हाय. कपाळाला ओलं कुंकू लावलं."

कपाळ म्हणून त्यांनी नेमकी काच धरली होती. मला वाटलं, मोडली सोयरीक.

मुलाचे वडील त्या लालीकडे बघत मान डोलावत म्हणाले, "लय जागा हाय शेठ! हद्दच दिसत न्हाय कुठं."

लगेच साखर वाटली. मलाही मिळाली.